नेटवर्क बदललं तरी कमाई तशीच? मराठी वेबसाइटवर पैसे कुठे गळतात ते कसं शोधायचं

साइटवर वाचक येतात, ॲनालिटिक्समध्ये रोज दीड-दोन हजार पानं उघडलेली दिसतात, पण ॲडसेन्समध्ये, म्हणजे गुगलच्या जाहिरात नेटवर्कमध्ये, दिवसाचे चाळीस-पन्नास सेंट. कुणीतरी सुचवलं म्हणून दुसरं नेटवर्क लावलं जातं. पहिला आठवडा आकडा चढतो, तिसऱ्या आठवड्यात पुन्हा जागेवर. मग तिसरं नेटवर्क, मग सोबत ॲफिलिएटचे दुवे (वाचकाने त्यांवरून खरेदी केली की कमिशन देणारे), आणि वर्षभरात साइटच्या हेडरमध्ये पाच कंपन्यांचे कोड एकमेकांच्या पायात पाय घालून बसतात.

नेटवर्क वाईट असू शकतं, पण तो निष्कर्ष शेवटी काढायचा. वाचकाने पान उघडल्यापासून रुपये खात्यात जमा होईपर्यंत बरंच काही जमून यावं लागतं. कोड चालावा लागतो, जागा भरावी लागते, जाहिरात नजरेस पडावी लागते, तिला दर मिळावा लागतो, महिनाअखेरच्या छाननीत तो टिकावा लागतो आणि शेवटी बँकेने रक्कम स्वीकारावी लागते. यातला दर आणि काही अंशी जागा भरणं एवढंच नेटवर्कच्या हातात असतं. बाकीचं तुमच्या साइटवर किंवा तुमच्या कागदपत्रांत अडतं, आणि नेटवर्क बदललं तरी ते सोबत येतं. म्हणून खालचा क्रम पाळा. एक टप्पा स्वच्छ झाल्याशिवाय पुढचा तपासू नका.

आधी दोन आकडे जुळवा

मागच्या पूर्ण महिन्याचे पेजव्ह्यू ॲनालिटिक्समधून घ्या आणि त्याच महिन्याचे ॲडसेन्सच्या अहवालातून घ्या. समजा ॲनालिटिक्स ६०,००० म्हणतं आणि ॲडसेन्स ३८,०००. म्हणजे २२,००० वेळा पान उघडलं, पण जाहिरातीचा कोड चाललाच नाही. थोडी तफावत राहतेच, कारण काही वाचक ॲडब्लॉकर किंवा ब्रेव्हसारखे ब्राउझर वापरतात. पण एक तृतीयांशाहून जास्त फरक असेल तर दोष साइटवर आहे.

याचा पैशांत अर्थ असा. ३८,००० पानांवर महिन्याला ११.४० डॉलर आले असतील, तर दर हजार पानांमागे, म्हणजे पेज आरपीएम, ०.३० डॉलर पडला. कोड ५६,००० पानांवर चालू लागला तर त्याच दराने १६.८० डॉलर होतात. नेटवर्क न बदलता कमाई जवळपास दीडपट.

कोड न चालण्याची नेहमीची कारणं मोजकीच आहेत. वर्डप्रेसची थीम बदलली आणि कोड जुन्या थीमच्या हेडर फाइलमध्येच राहिला. कॅशिंगच्या प्लगिनमध्ये जावास्क्रिप्ट उशिरा चालवण्याचा पर्याय सुरू आहे. त्यामुळे वाचकाने स्क्रीनला हात लावेपर्यंत जाहिरात मागवलीच जात नाही, आणि व्हॉट्सॲपवरून आलेला वाचक तेवढ्यात परत गेलेला असतो. त्या प्लगिनच्या अपवादांच्या यादीत ॲडसेन्सची स्क्रिप्ट टाका, कॅश पूर्ण रिकामी करा आणि इन्कॉग्निटो खिडकीत पान उघडून पाहा. एखादा विशिष्ट साचाच सुटलेला असतो, असंही बऱ्याचदा दिसतं: लेखांवर जाहिराती आहेत, पण बाजारभावाच्या किंवा भरतीच्या पानांना वेगळं टेम्पलेट आहे आणि त्यात कोड नाही. ॲनालिटिक्समध्ये सर्वाधिक वाचली जाणारी वीस पानं काढा आणि प्रत्येक पान स्वतःच्या मोबाइलवर उघडा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण कंटाळवाणं, म्हणून कुणी करत नाही.

कोड चालतो, जागा मात्र रिकामी

ॲडसेन्सच्या अहवालात ‘कव्हरेज’ हा रकाना जोडून घ्या. मागणी केलेल्यांपैकी किती वेळा जाहिरात मिळाली, त्याची ती टक्केवारी. ती पडलेली असेल तर पुढच्या गोष्टी याच क्रमाने बघा.

पहिली, ॲड्स डॉट टीएक्सटी फाइल. ऑनलाइन जाहिरातींची मानकं ठरवणाऱ्या आयएबी टेक लॅबने २०१७ मध्ये ही पद्धत आणली. तुमच्या साइटची जागा विकायचा अधिकार कुणाकुणाला आहे, याची ती जाहीर यादी असते. एका ओळीत चार गोष्टी स्वल्पविरामाने वेगळ्या केलेल्या असतात: जाहिरात यंत्रणेचं डोमेन, तुमचा प्रकाशक क्रमांक, नातं थेट आहे की पुनर्विक्रेत्यामार्फत, आणि त्या यंत्रणेचा ओळख क्रमांक. चौथी गोष्ट ऐच्छिक आहे. ॲडसेन्समध्ये ‘साइट्स’खाली या फाइलची स्थिती दिसते. ती ‘अधिकृत’ नसेल तर बहुतेक वेळा यातलं काहीतरी झालेलं असतं:

- फाइल डोमेनच्या मुळाशी न ठेवता एखाद्या उपफोल्डरमध्ये चढवली.
- दुसऱ्या नेटवर्कने पाठवलेली लांबलचक यादी चिकटवताना गुगलची जुनी ओळ पुसली गेली. यादी नेहमी खाली जोडायची, जुन्याच्या जागी ठेवायची नाही.
- फाइल वर्डमध्ये तयार केली आणि अदृश्य खुणा आत शिरल्या. साध्या नोटपॅडमध्ये लिहा.
- प्रकाशक क्रमांक कुणाच्या तरी ट्युटोरियलमधून कॉपी झाला. हसू नका, नेहमी होतं.

ब्लॉगरवर स्वतःचं डोमेन जोडलेलं असेल तर आणखी एक खोच आहे. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नसलेल्या पत्त्यावरून असलेल्या पत्त्याकडे वळवण्याचा पर्याय बंद राहिला, तर क्रॉलरला, म्हणजे साइट वाचत फिरणाऱ्या गुगलच्या यंत्राला, मुळाशी फाइल सापडत नाही. सेटिंग्जमध्ये तो पर्याय सुरू करा आणि त्याच सेटिंग्जमधल्या ‘कमाई’ विभागात सानुकूल ॲड्स डॉट टीएक्सटी चालू करून ओळ भरा. बदल नोंदला जायला काही दिवस लागतात, कमी वाचकांच्या साइटला महिनाही लागू शकतो. रोज फाइल बदलत बसलात तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

दुसरी गोष्ट भाषेची, आणि ही खास आपल्याकडची आहे. ॲडसेन्स २०१८ पासून मराठीला पाठिंबा देतं. पण मजकूर मराठी आहे हे यंत्राला वाचता आलं पाहिजे. जुन्या डीटीपीच्या फायलींमधून श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टमधला मजकूर थेट चिकटवला असेल तर आपल्याला मराठी दिसतं आणि क्रॉलरला रोमन अक्षरांचा कचरा. सोपी परीक्षा: पानावरचं एक वाक्य कॉपी करून मोबाइलच्या नोट्समध्ये टाका. तिथे देवनागरी आली नाही तर तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरसंकेतांत, नाही. फॉन्ट कन्व्हर्टरने बदला आणि जोडाक्षरं व रफार डोळ्यांनी तपासा. सुविचार, शुभेच्छा, चारोळ्या, पंचांग यांच्या साइटवर वेगळा प्रश्न असतो: सगळा मजकूर चित्रात आणि पानावर दोन ओळी. मजकूर नसलेल्या पानावर जाहिरात लावणं नियमातही बसत नाही. रोमन लिपीत लिहिलेली मराठी हाही आतबट्ट्याचाच व्यवहार, कारण ती कुठली भाषा म्हणून ओळखली जाईल याचा भरवसा नाही. पानाच्या मूळ टॅगमध्ये भाषेचा संकेत ‘एमआर’ ठेवा. थीम आयती घेतलेली असेल तर तिथे बहुतेक ‘ईएन’च सापडेल. एवढ्याने कमाई वाढत नाही, पण ब्राउझरचे भाषांतराचे प्रस्ताव आणि वाचून दाखवणारी साधनं सुधारतात.

तिसरी गोष्ट क्रॉलरची वाट. ॲडसेन्सचा क्रॉलर सर्चच्या क्रॉलरपेक्षा वेगळा आहे, त्याचं नाव मीडियापार्टनर्स-गुगल. रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्ये (क्रॉलरनी कुठे जावं ते सांगणारी फाइल) किंवा क्लाउडफ्लेअरच्या बॉट अडवण्याच्या नियमांत तो अडकला, तर सर्चमध्ये पान व्यवस्थित दिसतं, फक्त जाहिरातीला पानाचा विषय कळत नाही.

चौथी, परदेशातले वाचक. मराठी साइटचे थोडेफार वाचक लंडन, म्युनिक, ॲमस्टरडॅममध्ये असतातच, आणि त्यांच्या जाहिरातींचा दर महाराष्ट्रातल्या दराच्या कितीतरी वर असतो. युरोपीय आर्थिक क्षेत्र आणि ब्रिटनसाठी १६ जानेवारी २०२४ पासून गुगलने प्रमाणित संमती-यंत्रणा (वाचकाची माहिती जाहिरातींसाठी वापरायला त्याची परवानगी घेणारी खिडकी) बंधनकारक केली, स्वित्झर्लंडसाठी ३१ जुलै २०२४ पासून. ती नसेल तर त्या वाचकांना वैयक्तिकृत जाहिराती मिळत नाहीत आणि दर कोसळतो. ॲडसेन्सच्या ‘गोपनीयता आणि मेसेजिंग’ विभागात गुगलची स्वतःची संमती-खिडकी फुकट मिळते. दहा मिनिटांत लागते. देशवार अहवालात ब्रिटनचा आरपीएम भारताच्या आसपास दिसला, तर सर्वांत आधी इकडे संशय घ्या.

पाचवी गोष्ट म्हणजे खात्यावरची मर्यादा. ‘पॉलिसी सेंटर’ उघडा. ‘अवैध ट्रॅफिक’ म्हणून जाहिराती मर्यादित केल्याची सूचना तिथे असेल तर वरचं काहीही करून उपयोग नाही. ही मर्यादा सहसा तीस दिवसांच्या आत उठते, पण लांबूही शकते. अशा वेळी विकत घेतलेला ट्रॅफिक बंद करायचा, ‘जाहिरातीवर टिचकी मारा, तेवढीच मदत’ असे व्हॉट्सॲपवरचे निरोप थांबवायचे, आणि घरातल्या फोनवरून स्वतःच्या जाहिराती उघडून बघणं सोडायचं. यासाठी दुसऱ्याच्या नावाने नवं खातं काढणं हा सगळ्यात महागडा उपाय आहे. दोन्ही खाती जातात.

जाहिराती दिसतात, दर पडलेला

मराठीतल्या पुष्कळ ट्युटोरियलमध्ये अजून ‘क्लिकचं प्रमाण वाढवा’ असं शिकवलं जातं. ॲडसेन्सने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर करून २०२४ च्या सुरुवातीपासून मोबदला क्लिकऐवजी इम्प्रेशनवर, म्हणजे जाहिरात दाखवली गेल्यावर, द्यायला सुरुवात केली. त्याच वेळी वाटणीही वेगळ्या पद्धतीने मांडली: खरेदीच्या बाजूचं शुल्क वजा झाल्यावर उरलेल्याच्या ८० टक्के प्रकाशकाला. जाहिरातदार गुगल ॲड्समधून आला असेल तर एकूण हिशेब पूर्वीच्या ६८ टक्क्यांच्या आसपासच राहतो. म्हणून दुसरं नेटवर्क ‘आम्ही ९० टक्के देतो’ म्हणालं की विचारायचं, कशाच्या ९० टक्के? मध्ये दोन पुनर्विक्रेते कापून गेल्यावर हातात येणाऱ्या रकमेच्या ९० टक्क्यांना फारसा अर्थ नसतो.

आता लक्ष द्यायचं ते जाहिरात नजरेस पडते का याकडे. ॲडसेन्समध्ये ‘ॲक्टिव्ह व्ह्यू’चा रकाना आहे. जाहिरातीचं किमान अर्धं क्षेत्र किमान एक सेकंद पडद्यावर राहिलं तरच ती पाहिली असं धरतात. लेखाच्या तळाशी, ‘हेही वाचा’च्या खाली लावलेली जागा पाहिली जात नाही, आणि जाहिरातदारांच्या यंत्रणा हळूहळू त्या जागेला कमी बोली लावू लागतात. मोबाइलवर पहिल्या दोन परिच्छेदांनंतर एक, मग साधारण दोन स्क्रीन सोडून पुढची, अशी मांडणी करा. प्रत्येक जागेला आधीच उंची राखून ठेवा, उदाहरणार्थ ३०० बाय २५० च्या जागेला २५० पिक्सेल. तसं केलं नाही तर जाहिरात उशिरा येते, मजकूर खाली ढकलला जातो आणि वाचकाचं बोट चुकून जाहिरातीवर पडतं. असे अपघाती क्लिक महिनाअखेरच्या छाननीत गळतात आणि खात्याची पतही घालवतात. म्हणूनच चालू महिन्याचा आकडा अंदाजे असतो. तो पुढच्या महिन्याच्या पहिल्या काही दिवसांत पक्का होतो. दोन नेटवर्कची तुलना कायम पक्क्या आकड्यांवर करायची.

जास्त जागा लावल्या की जास्त पैसे, हा समजही तपासून घ्या. कोॲलिशन फॉर बेटर ॲड्स या उद्योगसंघटनेच्या निकषानुसार मोबाइलवर मजकुराच्या उंचीच्या ३० टक्क्यांहून अधिक भाग जाहिरातींचा असू नये. क्रोम हे निकष मोडणाऱ्या साइटवरच्या जाहिराती गाळू शकतो. चारशे शब्दांच्या बातमीत सहा जाहिराती कोंबल्या की हा आकडा सहज ओलांडतो.

ब्लॉक केलेल्या विषयांची यादीही उघडून बघा. कधीतरी रागाच्या भरात कर्ज, विमा, शेअर बाजार, डेटिंग असं सगळं बंद केलेलं असतं आणि विसरलेलं असतं. डेटिंग बंदच राहू द्या. पण कर्ज आणि विमा बंद केलेत तर भारतातले चांगली बोली लावणारे जाहिरातदार तुम्हीच बाहेर ठेवलेत. आणि तुलना करताना हंगाम विसरू नका. गणपती ते दिवाळी बोली चढलेल्या असतात, जानेवारीत उतरतात. ऑक्टोबरात ॲडसेन्स आणि जानेवारीत दुसरं नेटवर्क लावून ‘नवं नेटवर्क फसवं निघालं’ म्हणणं न्यायाचं नाही.

ॲफिलिएट: क्लिक शेकड्यांनी, विक्री शून्य

इथे आधी तांत्रिक गळती शोधायची. दुव्यावर मोबाइलवरून क्लिक करा आणि शेवटी जे पान उघडतं त्याच्या पत्त्यात तुमचा टॅग, म्हणजे तुमच्या खात्याची ओळख, आहे का बघा. ॲमेझॉनच्या भारतीय खात्याचा ट्रॅकिंग आयडी ‘-२१’ने संपतो, अमेरिकेचा ‘-२०’ने. अमेरिकेच्या साइटवरून उचललेला दुवा भारतीय पानावर लावला तर वाचक पोचतो, कमिशन नाही. दुवे लपवणारं किंवा छोटं करणारं प्लगिन असेल तर ते वळवताना पत्त्यामागची प्रश्नचिन्हानंतरची शेपटी कापतं का तेही बघा. पुष्कळदा गळती तिथेच असते. ॲमेझॉनच्या बाबतीत तर दुवा कुठे नेतो हे वाचकापासून लपवणंच नियमबाह्य आहे, त्यामुळे तिथे असं प्लगिन नकोच.

हीच परीक्षा चार ठिकाणांहून करा: क्रोम, व्हॉट्सॲपमधून उघडलेलं पान, फेसबुकच्या आतला ब्राउझर, आणि दुकानाचं ॲप असलेला फोन. काही दुकानांचा दुवा ॲपमध्ये उघडताना टॅग गळतो. ॲपवरच्या विक्रीची नोंद होते का हे नेटवर्कच्या माहितीपानावर लिहिलेलं असतं. नोंद होत नसेल तर त्या दुकानाला रामराम करा, कारण आपला वाचक मोबाइलवरच खरेदी करतो. चाचणीसाठी स्वतः वस्तू मागवू नका, घरच्यांनाही सांगू नका. ॲमेझॉनच्या नियमांत अशी खरेदी चालत नाही.

क्युलिंक्ससारखी नेटवर्क साइटवरचे साधे दुवे आपोआप कमिशनच्या दुव्यांत बदलतात. सोयीचं आहे, एकेका दुकानाकडे अर्ज करावा लागत नाही, कमिशनचा वाटा मात्र त्यांना जातो. अडचण तेव्हा येते, जेव्हा तुमचं स्वतःचं ॲमेझॉन खातंही असतं. त्यांची स्क्रिप्ट तुमच्या टॅगवर स्वतःचा टॅग चढवू शकते. अपवादांच्या यादीत ॲमेझॉनचं डोमेन टाका किंवा सगळं एकाच मार्गाने न्या. दोन्ही अर्धवट ठेवलंत तर दोन्हीकडचे अहवाल निरुपयोगी होतात.

तांत्रिक बाजू ठीक असेल तर मग मुदत आणि नियम. ॲमेझॉनवर क्लिकनंतर २४ तासांत वस्तू मागवली तर कमिशन. त्या २४ तासांत वस्तू कार्टमध्ये टाकली असेल तर पुढे ९० दिवसांपर्यंत. वाचकाने सकाळी तुमचं परीक्षण वाचलं आणि परवा कॅशबॅक ॲपमधून खरेदी केली, तर शेवटचा क्लिक त्या ॲपचा. नव्या खात्याने १८० दिवसांत तीन पात्र विक्री केल्या नाहीत तर खातं बंद होतं. पुन्हा अर्ज करता येतो, पण नवा आयडी मिळाला तर साइटवरचे जुने सगळे दुवे बदलावे लागतात, आणि ते करायचं राहून जातं. जुन्या लेखांत ॲमेझॉनच्या वस्तूंची चित्रं तुटलेली दिसतात? २०२३ च्या अखेरीस साइटस्ट्राइपमधली (ॲमेझॉनच्या दुवे बनवायच्या पट्टीतली) चित्रांच्या दुव्यांची सोय बंद झाली. ती काढून साधे मजकुराचे दुवे लावा. लेखात किंमत हाताने लिहूनही ठेवू नका. ती बदलते, वाचक चिडतो, आणि नियमही मोडतो. ‘आजची किंमत पाहा’ पुरे.

यानंतरही विक्री होत नसेल तर वस्तू आणि वाचक यांचा मेळ बसलेला नाही. आजचा कांद्याचा भाव बघायला आलेला शेतकरी त्या क्षणी मिक्सर घेणार नाही. ‘ठिबकचा फिल्टर कसा निवडावा’ वाचणारा घेण्याच्या बेतात असतो. एमपीएससीच्या निकालाच्या पानावर दुवे फुकट जातात. ‘राज्यसेवेसाठी कोणती पुस्तकं’ या पानावर त्याच दुव्यांना विक्री मिळते. बातम्या, निकाल, भाव, राशिभविष्य अशा झटपट पानांवर जाहिरात नेटवर्क. तुलना, परीक्षण, ‘कसं निवडावं’ अशा पानांवर ॲफिलिएट. या लेखात एकच गोष्ट पाळायची झाली तर ही पाळा.

पैसे दिसतात, खात्यात येत नाहीत

ॲडसेन्समध्ये १० डॉलर झाले की पत्ता पडताळणीसाठी सहा आकडी पिन टपालाने येतो. साध्या टपालाने, रजिस्टरने नाही. पत्त्यात गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा आणि पिनकोड इंग्रजीत नीट लिहा, फोन नंबर घाला आणि पोस्टमनला सांगून ठेवा. पहिला पिन तयार झाल्यापासून चार महिन्यांत पडताळणी झाली नाही तर जाहिराती थांबतात. पिन पुन्हा मागवता येतो; तरीही आला नाही तर ओळखपत्र अपलोड करण्याचा मार्ग आहे.

रक्कम १०० डॉलरच्या वर गेली की पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेदरम्यान पाठवली जाते. ती परदेशातून येते म्हणून बँकेचा स्विफ्ट कोड लागतो. आपल्याकडे अडतं ते इथे: बहुतेक पतसंस्था आणि जिल्हा मध्यवर्ती बँकांकडे स्वतःचा स्विफ्ट कोड नसतो. रक्कम परत जाते आणि ॲडसेन्समध्ये पेमेंट रोखल्याची सूचना येते. अशा वेळी एखाद्या राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या खाजगी बँकेत खातं उघडणं हाच सरळ उपाय. ॲडसेन्समधलं नाव आणि बँकेतलं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे. वडिलांचं नाव एका ठिकाणी आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, एवढ्यावरूनही बँक विचारणा करते. पैसे कशाचे असं विचारलं तर जाहिरातीच्या सेवेसाठीचा रिझर्व्ह बँकेचा उद्देश-संकेत पी १००७ सांगा. आलेल्या रकमेचं परकीय जमा-पत्र मागून ठेवा, सीएला लागतं.

भारतीय ॲफिलिएट कंपन्या रुपयांत देतात आणि टीडीएस कापतात. पॅन भरलेला नसेल तर कपात थेट २० टक्क्यांवर जाते. विक्री दिसल्यापासून पैसे मिळेपर्यंत दोन-तीन महिने जाणं नेहमीचं आहे, कारण परत केलेल्या वस्तू वजा होईपर्यंत कमिशन ‘प्रलंबित’ राहतं. ॲमेझॉन महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी देतं.

इतकं झाल्यावर नेटवर्क निवडा

वाचक महाराष्ट्रातला, मजकूर मराठी, फोन अँड्रॉइड: अशा साइटला ॲडसेन्स हाच पाया राहू द्या. मराठी पानांसाठी एवढ्या जाहिरातदारांची मागणी छोट्या नेटवर्ककडे नसते. त्यांच्यातले बरेच जण गुगलचीच मागणी फिरवून देतात. मुंबईशी जुनं नातं असलेलं मीडिया डॉट नेट ऐकून माहीत असतं, पण त्यांना मुख्यतः इंग्रजी मजकूर आणि अमेरिका, ब्रिटन, कॅनडातला वाचक हवा असतो. रॅप्टिव्हचंही तसंच. न्यू जर्सीतून कुणी इंग्रजीत महाराष्ट्रीय पाककृती लिहीत असेल तर त्यांनी तिकडे जरूर अर्ज करावा. मराठी साइटने अर्जात वेळ घालवू नये. टॅबूला, एमजीआयडी यांच्या लेखाखालच्या चौकटींतून जास्तीचे थोडे पैसे मिळतात, पण ‘पोटाची चरबी’ छापाच्या जाहिरातींची तयारी ठेवा.

आणि महिन्याला ४०-५० हजार पानं वाचली जाणाऱ्या, एका विषयाला धरून असलेल्या साइटने स्थानिक जाहिरातदाराला जरूर विचारावं. स्पर्धा परीक्षेचा क्लास, रोपवाटिका, ठिबकचं दुकान यांनी महिन्याला ठरलेली दोन हजारांची रक्कम दिली तरी ती वरच्या हिशेबातल्या १६.८० डॉलरहून जास्त आहे. ॲडसेन्ससोबत अशी जाहिरात चालते. दुव्याच्या एचटीएमएल कोडमध्ये ‘स्पॉन्सर्ड’ हा रेल (rel) संकेत द्या आणि वर ‘जाहिरात’ असं मराठीत लिहा. जाहिरात मानक परिषदेची, म्हणजे आस्कीची, अपेक्षाही वाचकाला कळेल अशा भाषेतल्या स्पष्ट उल्लेखाचीच आहे.

नव्या नेटवर्कची चाचणी सगळ्या साइटवर एकदम करू नका. वाचकांचे यादृच्छिक दोन भाग पाडा, निम्म्यांना जुनं, निम्म्यांना नवं, किमान चार आठवडे. पहिला आठवडा हिशेबातून वगळा, कारण सुरुवातीचा चढ बहुतेक ठिकाणी दिसतो आणि ओसरतो. मोजायचं ते दर हजार भेटींमागे हाती आलेली रक्कम. प्रति-जाहिरात दर चढला आणि वाचक दुसरं पान न उघडताच पळाला, तर तोटाच.

करार करताना चार प्रश्न लेखी विचारा. पैसे किती दिवसांनी आणि किमान किती झाल्यावर? इतर नेटवर्क सोबत चालतील का? सोडायचं असेल तर किती दिवसांची पूर्वसूचना? आणि गुगल ॲड मॅनेजरमध्ये (जाहिरातींच्या जागा सांभाळण्याची गुगलची यंत्रणा) तुम्हाला भागीदारामार्फत घेत असतील, तर खातं व्यवस्थापनाचा प्रकार आहे की इन्व्हेंटरी व्यवस्थापनाचा? दुसऱ्या प्रकारात गुगल सगळी रक्कम मध्यस्थाला देतं आणि तुमचा वाटा मध्यस्थाच्या हातात राहतो. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली की समजा.

दोन गोष्टींना सरळ नाही म्हणा. पैशांच्या ऑनलाइन खेळांचे दुवे, मग कमिशन कितीही मोठं असो: २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याखाली त्यांची जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. दुसरी, पॉपअंडर (पानामागे गुपचूप खिडकी उघडणाऱ्या जाहिराती) आणि पुश नोटिफिकेशनची नेटवर्क. वाचक मागे जायला जातो आणि एपीके (अँड्रॉइड ॲपची फाइल) उतरवायचं पान उघडतं. काही दिवसांत क्रोम तुमच्या साइटवर लाल इशारा दाखवू लागतो, सर्चमधून येणारा ट्रॅफिक आटतो.

लावून बसला असाल तर काढताना नुसता हेडरमधला कोड काढून भागत नाही. पुशसाठी त्यांनी तुमच्या सर्व्हरच्या मुळाशी सर्व्हिस वर्करची (ब्राउझरमध्ये पडद्यामागे चालणाऱ्या स्क्रिप्टची) एक फाइल ठेवायला लावलेली असते, आणि ती वाचकांच्या ब्राउझरमध्ये नोंदलेली असते. फाइल डिलीट केली तरी ती नोंद उरते आणि तुमच्या साइटच्या नावाने सूचना जात राहतात. त्याच नावाची नवी फाइल ठेवा, जी चालली की स्वतःची नोंद रद्द करते, आणि ती किमान सहा महिने तिथेच राहू द्या. वाचक परत येतील तसतशी जुनी नोंद निघेल. मग सर्च कन्सोलमध्ये ‘सुरक्षा समस्या’ उघडून, काय काढलं ते नेमकं लिहून, पुनरावलोकनाची विनंती पाठवा.